चेअरमन ओळखीचे आहेत

गुंतवणुकीच्या क्लासात पहिला धडा जोखमीचा असतो. पेणकरांना त्याची गरज नाही. जोखीम मोजायचं आमचं माप ठरलेलं: चेअरमन ओळखीचे आहेत का? असले, तर जोखीम शून्य. मुलीच्या लग्नात अक्षता टाकून गेले असतील, तर शून्याच्याही खाली.

या मापानं शेअर बाजार जुगारच ठरतो. दलाल स्ट्रीटवरून लग्नाला कोण येणार? 2008 च्या जानेवारीत 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 9 हजारांखाली आला, तेव्हा गणपतीच्या कारखान्यांपासून पोह्याच्या दुकानांपर्यंत सगळे म्हणाले, बरं झालं बाबा, आपले पैसे पेण अर्बन बँकेत आहेत. पासबुकातला आकडा रुपयानंही घसरला नव्हता. पासबुकाचा हा गुणच आहे. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, बोगस कर्जखाती बाहेर आली, सुमारे दोन लाख ठेवीदार रस्त्यावर आले, 2014 मध्ये परवानाही गेला. पासबुकातला आकडा मात्र जागचा हलला नाही!

म्युच्युअल फंडवाले जाहिरातीच्या शेवटी बाजाराच्या जोखमीचं बजावून सांगतात, भले धापा टाकत का होईना. म्हणून त्यांच्यावर आमचा विश्वास नाही. ठेवीची पावती देताना साहेब असलं अभद्र बोलत नाहीत, चहा मागवतात. पोस्टातल्या बचतीला केंद्र सरकारची हमी आहे, पण तिथे चहा नाही.

सराफाच्या भिशीत अकरा हप्ते आपले, बारावा त्याचा. दुकानाचं शटर कितव्या हप्त्याला पडेल, हे कार्डावर छापत नाहीत. आणि जमीन? तिसरी मुंबई म्हणून आखलेल्या नव्या शहराच्या नकाशात तालुक्यातली गावं आल्यापासून एजंट गुंठ्यागुंठ्यानं स्वप्नं विकतोय. सातबाऱ्यावर चाळीस सहहिस्सेदार निघाले, तर त्याला तो एकत्र कुटुंबपद्धती म्हणतो. विकायला गेलात की गिऱ्हाईक मिळत नाही, ही जोखीम त्याच्या हिशेबातच नाही.

रोहेकर आम्हाला हसतात. त्यांचं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढलेले. आमच्या रायगड जिल्ह्यानं देशाला गव्हर्नर दिला. रिझर्व्ह बँकेनं जिल्ह्याला परवाने रद्द केल्याची पत्रं दिली. पेणनंतर 2021 मध्ये पनवेलच्या कर्नाळा बँकेला. तरी अर्धा टक्का जास्त व्याजाचा फलक दिसला की पेण आणि रोहा, दोन्ही गावांची पावलं सारखीच वळतात.

तेव्हा नव्या ठेवीदारांनो, चहा प्या, पण एक विचारून घ्या: ही बँक की पतसंस्था? फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या ठेवीला विमा आहे 5 लाखांपर्यंत, व्याज धरून, त्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून. नाक्यावरच्या पतसंस्थेला तो लागू नाही, चेअरमन कितीही ओळखीचे असले तरी.