राखीव चौतीस

दातेशास्त्र्यांना ‘काय, कसं काय?’ असं विचारलं की ते म्हणतात, ‘पुढे पन्नास-चौतीस, मागे अकरा-चौतीस.’ चौकशी आपल्या तब्येतीची चालली आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. दातेशास्त्री हे अर्थात ग्रुपने ठेवलेलं नाव. खरं आडनाव ग्रुपमध्ये दोघांनाच माहीत असावं, आणि त्यांतले एक ते स्वतः.

कोथरूड, बावधन, पाषाण, सूस या पट्ट्यात सायकलवाल्यांचे जेवढे ग्रुप तेवढे दातेशास्त्री. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, कपाळ मोठं, पोटऱ्या बारीक, नोकरी हिंजवडीला. हिंजवडी सरकारदरबारी मुळशी तालुक्यात मोडते, त्यामुळे ‘आम्ही काय, रोजच मुळशीला जातो’ असं नवख्याला सांगता येतं. मोटारीने जातो, एवढं सांगायचं राहून जातं.

रविवारी पहाटे चांदणी चौकात मंडळी जमतात. कुणी हवा तपासतो, कुणी बाटल्या भरतो. शास्त्रीबुवा तेवढ्यात नव्या माणसाच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून मोबाइलच्या उजेडात दाते मोजत असतात. परवानगी वगैरे काही नाही. ‘अठ्ठावीस?’ असं म्हणून ते उठतात आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. ‘ताम्हिणीपर्यंत येताय ना तुम्ही?’ हे अशा आवाजात विचारतात, की त्या माणसाला एकदा घरी फोन करून घ्यावासा वाटतो.

विषय तसा पाच मिनिटांत समजण्यासारखा आहे. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते. भागाकार लहान, तर पायाला हलकं आणि वेग कमी. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ असले, तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीला झकास, चढाला उतरून ढकलायचं. चौतिसाला चौतीस जोडले की एकास एक. रोड सायकलच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे पायाच्या एका फेरीला तेवढाच रस्ता.

शास्त्रीबुवांची पहिली सायकल जुन्या शर्यती घडणीची होती, पुढे ५३-३९, मागे जेमतेम २५. माणूस आणि सायकल मिळून वजन ८५ किलो, चढ ८ टक्के आणि पायांची गती मिनिटाला ६० फेऱ्या धरा. ३९-२५ वर ताशी १२ किलोमीटरने चढावं लागतं आणि त्याला २३० वॉटच्या आसपास ताकद लागते. ३४-३४ वर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात, आणि काम दीडशे वॉटमध्ये भागतं. ‘दीडशे वॉट माझे मीही देतो,’ शास्त्रीबुवा सांगतात. ‘दोनशेतीस देणारे त्याचा पगार घेतात.’

हे गणित बरोबर आहे. मी ताडून पाहिलं आहे. घोटाळा गणितात नाहीच.

कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, निवडायला त्यांनी एक अख्खा पावसाळा घेतला. एक्सेलची फाइल केली. तिच्यात पिरंगुट, मुठा खिंड, लवासा, ताम्हिणी अशी घाटागणिक पानं, आणि प्रत्येक पानावर चढाचा टक्का, वजन, फेऱ्या, वारा. मागे ११-२८ लावावी तर एका चक्रावरून दुसऱ्यावर जाताना फरक थोडा, पायांची लय मोडत नाही. पण चढाला गुडघे बोलतात. ११-३४ लावावी तर शेवटी २७, ३०, ३४ अशा ढांगा, आणि त्यावर चेन सरकवणारा मागचा डिरेलरही लांब केजचा लागतो, चेन वाढवावी लागते. बत्तिसावर ते गणपतीपासून घटस्थापनेपर्यंत होते. पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणीतरी ‘मग शेवटचं काय ठरलं?’ असं विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून ‘चौतीस’ निघालं, आणि एका प्रकल्पात तेवढी माणसं नेमली गेली असं म्हणतात. ही ग्रुपमधली दंतकथा असेल, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

गियरविरोधकांचा त्यांना मनस्वी राग. टूर द फ्रान्सच्या कर्त्याची, आंरी देग्रांजची, गोष्ट ते हमखास काढतात. बदलत्या गियरची गरज फार तर पंचेचाळिशीपुढच्यांना, असं या गृहस्थाचं मत. शर्यत जिंकायची ती स्नायूंच्या जोरावर, यंत्राच्या युक्तीने नव्हे. त्याने शर्यतीची सूत्रं सोडल्यावर १९३७ साली कुठे तिथे डिरेलरला प्रवेश मिळाला. ‘म्हणजे चौतीस वर्षं माणसांचे गुडघे फुकट घालवले!’ शास्त्रीबुवा कळवळतात. शर्यत १९०३ ची, तेव्हा वजाबाकीही चोख; चौतीसच येतात, आणि तो आकडा उच्चारताना त्यांचा कंठ थोडा दाटतो. खरी गंमत पुढे आहे. देग्रांजला इतकी नावं ठेवणाऱ्या या माणसाच्या आत तो म्हातारा चांगला पाय पसरून बसलेला आहे.

कारण शास्त्रीबुवा चौतीस वापरत नाहीत.

लावतात, पुसतात, तेल देतात. पार्किंगमध्ये सायकल स्टँडवर चढवून पाहुण्यांना ‘बघा, किती अलगद पडतो’ म्हणून चेन त्याच्यावर नेऊनही दाखवतात. पण रस्त्यावर, चढावर, जिथे तो उपयोगी पडेल अशा जागी, त्यांचा हात तिसावरच थांबतो. चौतीस म्हणजे त्यांची मुदत ठेव आहे. असते म्हणून झोप लागते, आणि मोडायची नसते म्हणून असते.

हे पाहायचं तर त्यांच्यामागून लवासाला जावं. पिरंगुटहून डावीकडे वळून उरवडे, मुठा करत रस्ता टेमघर धरणाशी येतो आणि तिथून जो वर लागतो तो सांगायला नको. गप्पा आधीच बंद झालेल्या असतात. प्रत्येक वळणानंतर चढ कमी होईल असं वाटतं, वळण घेतलं की तो समोर तसाच उभा. शास्त्रीबुवा तिसावर. पायांच्या फेऱ्या साठावरून पन्नासावर, पन्नासावरून चाळिसावर. सायकल डावी-उजवी झुलू लागते, हँडल धरलेली बोटं पांढरी पडतात. मान खाली घालून ते काखेतून मागे बघतात. मागून ट्रक येतोय का हे नव्हे. मागे अजून एक आहे ना, ते. असतो. मग मान वर आणि पुन्हा तीस.

एकदा कॉलेजातली एक मुलगी टकाटक पाय फिरवत त्यांच्या शेजारी आली. तिची चेन आपली मोठ्यात मोठ्या चक्रावर, चढ लागल्यापासूनच. चेहऱ्यावर घाम होता, पण दमही होता. ती थोडा वेळ त्यांच्या जोडीने चालली, मग काळजीने म्हणाली, ‘काका, अजून एक आहे हं मागे.’

‘माहितेय,’ शास्त्रीबुवा दोन श्वासांच्या मध्ये म्हणाले. ‘ठेवलाय.’

‘कशासाठी?’

याचं उत्तर लांबलचक होतं आणि तेवढी हवा छातीत नव्हती. ती पुढे निघून गेली. वर पोहोचल्यावर मात्र त्यांनी ते सगळ्यांना दिलं. पुढे आणखी खडा चढ आला असता तर? आधीच सगळं वापरून टाकलं असतं तर मग काय केलं असतं? आम्ही म्हटलं, पुढे चढ नव्हता, रस्ता तुम्हाला पाठ आहे, फाइलमध्ये आहे. ‘ते आत्ता म्हणताय,’ ते म्हणाले. आणि घरी पोहोचल्यावर ग्रुपवर निरोप आला: ‘लवासा. चौतीसला हात लावला नाही.’ खाली अंगठे आले. अंगठे देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी स्वतःही हात लावलेला नव्हता, हे मी बघत होतो. त्यामुळे शास्त्रीबुवांना एकट्याला हसण्यात फारसा अर्थ नाही. आणि हल्ली जगातले पगारी सायकलपटूही मोठ्या डोंगरात मागे चौतीस लावतात, आणि लावतात म्हणजे खुशाल वापरतात. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला, तेव्हा शास्त्रीबुवा रस्त्याच्या कडेला उभे राहून दाते मोजायचा प्रयत्न करत होते. ‘दिसले का?’ ‘भलत्या वेगात गेले हो,’ ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

ताम्हिणीची गोष्ट वेगळी. पौड सोडून मुळशी धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता नुसता खालीवर होत राहतो, आणि मोठा घाट येतो तो उताराचा. विळ्यापर्यंत माणूस फुकटात कोकणात पोहोचतो. बिल परत येताना, उन्हं वर आल्यावर. शास्त्रीबुवा म्हणूनच या घाटाचं पान उलटं मांडतात, आधी परतीचं. तलाव लांबच लांब पसरलेला असतो. याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. गावं पाण्याखाली गेलीच. शास्त्रीबुवा या रस्त्यावर एरवी फारसे बोलत नाहीत. एकदा मी म्हटलं, पाण्याचं बरं आहे, इथून बोगद्याने भिऱ्याला उतरतं, वीज देतं, परत चढायची कटकट नाही.

‘चूक,’ ते सायकलवरून म्हणाले. ‘भिऱ्याला उलटा पंपही आहे. पाणी परत वर चढवतात. दीडशे मेगावॅटचं यंत्र बसवलंय.’ थोडं अंतर गेल्यावर ते समाधानाने पुटपुटले, ‘मला दीडशे वॉट पुरतात.’

त्याच रस्त्यावर चहाची एक टपरी आहे. पावसाळ्यात भजी, एरवी नुसता चहा आणि क्रीमरोल. टपरीवाल्या मामांनी शास्त्रीबुवांची सायकल निरखून विचारलं, ‘किती गियरची म्हनायची?’

‘बावीस.’

‘बावीस!’ मामा खूष झाले. ‘आन् चढाला किती लागत्यात?’

यावर शास्त्रीबुवांनी दहा मिनिटं घेतली. पुढची दोन गुणिले मागची अकरा हे बावीस नुसते कागदावरचे. टोकाला टोक जोडलं की चेन तिरकी ओढली जाते म्हणून ते सोडायचे, काही जोड्यांचा भागाकार जवळजवळ सारखाच येतो म्हणून त्या एकच धरायच्या. शेवटी हाताशी खऱ्या अर्थाने चौदा-पंधरा. मामांनी ग्लास विसळता विसळता सगळं ऐकून घेतलं.

‘ते झालं. पन चढाला?’

‘तसा एक,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘सगळ्यात मागचा.’

‘मंग तेवढा टाकायचा आन् जायाचं,’ मामा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दिवशी परतीला पिरंगुटच्या चढावर शास्त्रीबुवा फार गप्प होते. तिसावर होते.

परवा चेन पायडलवर जोर दिला की घसरू लागली म्हणून ते कर्वेनगरात मेकॅनिककडे गेले. मी सोबत होतो, माझं पंक्चर होतं. मेकॅनिक पंचविशीतला, बोलायला कमी. त्याने चाक काढलं, कॅसेट फडक्याने पुसली आणि उजेडाकडे धरून बघत राहिला.

‘साहेब, एकोणीस-एकवीस संपलेत. दाते टोकदार झाले. तीसही गेलाय.’ त्याने बोट पुढे नेलं. ‘चौतीस मात्र शोरूममधून आणल्यासारखा आहे. एवढ्यात वेगळा बसवला का?’

‘नाही. पहिल्यापासून तोच.’

‘मग तुम्हाला लागतच नाही तो. अठ्ठावीसची कॅसेट टाकू? वजनाला हलकी, शिफ्टिंगही छान होतं.’

बोलणं सरळ होतं, हिशेबी होतं, आणि शास्त्रीबुवांच्या फाइलमध्ये त्याला उत्तर नव्हतं. ते कॅसेट हातात घेऊन उभे राहिले. मोठ्या चक्रावरून त्यांनी अंगठा फिरवला. दुकानात एक पोरगा आला, घंटी मागून घेऊन गेला.

‘छत्तीस बसेल का हो?’ शास्त्रीबुवांनी विचारलं.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. ‘हा डिरेलर चौतीसपर्यंतच घेतो, साहेब. हँगरला एक्स्टेंडर लावून बघायला लागेल. चेनही नवी. पण करायचंय काय छत्तीस? तुम्ही चौतीसच टाकत नाही.’

‘तेच तर,’ शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांचा चेहरा पावसाळ्यातल्यासारखा उजळला होता आणि हात खिशातल्या मोबाइलकडे, बहुधा फाइलकडे, निघाला होता. ‘छत्तीस मागे असला, की चौतीस बिनधास्त टाकता येईल.’