तयारीचा माणूस

पन्नाशीत असताना नाना घरात मरणाचं नाव काढू देत नसत. विम्याचा एजंट दारात दिसला की पिशवी उचलून मागच्या दाराने भाजीला. कुणाला पोहोचवायला जावंच लागलं, तर स्मशानाच्या फाटकापाशी घुटमळत आणि घरी येऊन दोनदा अंघोळ करत. मेव्हण्याने एकदा मृत्युपत्राचा विषय काढला, तर त्याच्याशी वर्षभर अबोला!

आता नाना ८३ वर्षांचे आहेत आणि पेपर निधनवार्तांच्या पानापासून वाचतात. "हा माझ्याहून दोन वर्षांनी लहान," हे सांगताना आवाजात हळहळ असते, पण वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचं समाधानही. दहाव्याला पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटावर गेले की कावळा शिवायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघतात. "जोशांचा पंचवीस मिनिटं आला नाही. फ्लॅटचं काहीतरी राहिलंय." स्वतःसाठी वैकुंठ स्मशानभूमीतली विद्युतदाहिनी केव्हाच ठरलेली. उपचार थांबवण्याच्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. नानांनी लगेच दोन साक्षीदार गोळा करून नोटरीपुढे सही ठोकली : नळ्या नकोत, व्हेंटिलेटर नको. ते कागद जेवणाच्या टेबलावर पसरले, तेव्हा "नाना, अभद्र बोलू नका!" म्हणून मुलगा ताटावरून उठला. मुलगा ५२ वर्षांचा आहे.

एवढी तयारी असूनही नानांना जायची घाई मात्र अजिबात नाही, आणि त्याला माझ्या मते केंद्र सरकार जबाबदार आहे. नाना रेल्वेचे पेन्शनर. ऐंशी पूर्ण झाली तेव्हा मूळ पेन्शनवर २० टक्के जादा सुरू झाले. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर थेट दुप्पट. हे कोष्टक त्यांना रामरक्षेसारखं पाठ आहे.

हयातीचा दाखला ऐंशीवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्या दिवशी बँक उघडायच्या आधी नाना पायरीवर हजर. यंदा बोटांचे ठसे झिजल्यामुळे मशीन काही त्यांना ओळखेना. शेवटी काउंटरवरच्या मुलीने मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

"आजोबा, डोळे मिटा आणि उघडा."

"मिटल्यावर जिवंत ठरतो होय?" म्हणत नानांनी डोळे मिटले, उघडले आणि दाखला झाला. मागे रांग खोळंबली होती, तरी नाना खिडकीपाशीच वाकून विचारत होते, "पंच्याऐंशीला ते तीस टक्के आपोआप लागतात, की अर्ज द्यावा लागतो? लागत असेल तर आत्ताच देऊन ठेवतो."