मोडक्या इंग्रजीचे उपकार

मुंबईतल्या आमच्या सोसायटीची एजीएम इंग्रजीत होते. तसा ठराव कुणी केलेला नाही. पण मराठीत घेतली तर तमिळ अण्णा उठून जातात, हिंदीत घेतली तर बसतात पण हूं की चूं करत नाहीत. आणि गुजरातीत घ्यावी असं खजिनदारांना मनातून वाटतं, पण मनातलं ते ताळेबंदातही दाखवत नाहीत. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही, म्हणून सगळ्यांना चालते.

तिचा मोठा गुण म्हणजे तिच्यात धड भांडता येत नाही. यंदा विषय होता लीकेजचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बंगाली आंटी तावातावाने उठल्या, "युवर बाथरूम इज कमिंग इन माय किचन!" चौथ्या मजल्यावरचे मल्याळी अंकल गरजले, "पाइप इज ओल्ड, मॅडम, व्हॉट टू डू?" 'मॅडम' ऐकून आंटींचा अर्धा राग उतरला, उरलेला पुढचं क्रियापद शोधण्यात गेला. तेवढ्यात चहा आला. हेच आपापल्या मातृभाषेत झालं असतं, तर पाइप बाजूला राहून दोन्हीकडच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता!

देशाचंही तेच. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमाने हिंदीला राजभाषा केलं आणि इंग्रजीला १५ वर्षांची मुदत दिली. २६ जानेवारी १९६५ला तिने चंबूगबाळं आवरायचं होतं. पण तारीख जवळ आली तसं हिंदी लादली जाणार म्हणून मद्रास राज्य पेटलं, १९६७मध्ये राजभाषा कायद्यात दुरुस्ती झाली, आणि पागडीच्या भाडेकरूसारखी इंग्रजी राहिली ती राहिलीच. नागालँडमध्ये तर एका जमातीची भाषा दुसरीला कळत नाही. तिथे राजभाषाच इंग्रजी. बाजारहाट मात्र नागामीजमध्ये.

अर्थात हा सलोखा सगळे सारखेच कच्चे असेपर्यंत. आमच्याकडे एक कॉन्व्हेंटवाला तरुण अस्खलित बोलायला उभा राहिला. त्याचा मुद्दा बिनतोड होता म्हणतात. मतदानात तो एकमताने पडला.

लीकेज उच्च न्यायालयापर्यंत गेलंच, तर ३४८व्या कलमानुसार तिथेही बहुतेक इंग्रजीच. फक्त तिथे बिनचूक इंग्रजीत भांडणारे वकील असतात. म्हणून तर तिथली भांडणं लवकर मिटत नाहीत, आणि चहाही आपल्याच पैशांनी प्यावा लागतो.