येणे बाकी

उद्योजकतेवरील ग्रंथांत भांडवल, जोखीम आणि जिद्द यांची चर्चा विस्ताराने आढळते. परंतु भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत उभी हयात लेथ मशीनपाशी घालवलेल्या एखाद्या लघुउद्योजकाला आयुष्याने काय शिकवले असे विचारले, तर तो माल बनवण्याविषयी फारसे बोलत नाही, बनवून दिलेल्या मालाचे पैसे कसे सोडवून आणले याविषयी मात्र तासभर बोलतो. या न मिळालेल्या पैशाला हिशेबाच्या परिभाषेत ‘येणे’ म्हणतात. ते ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मांडले जाते, त्याच्या तारणावर बँक कर्जही देते, फक्त त्यातून कामगारांचा पगार करता येत नाही.

व्यवसायाच्या पहिल्या दशकात उद्योजकाची अशी प्रामाणिक समजूत असते की माल मापात उतरला, वेळेवर पोचला आणि बिल बिनचूक असले की पैसे आपोआप येतात. बिलाचा प्रवास त्याला ठाऊक नसतो. माल पोचल्यावर तो तपासून स्वीकारल्याची जी नोंद होते, तिला कारखान्यांत ‘जीआरएन’ म्हणतात, आणि ती होईपर्यंत फाटकातून आत गेलेला ट्रकभर माल कागदोपत्री जन्मलेलाच नसतो. पुढे बिल खरेदी विभागातून लेखा विभागात जाते आणि तेथे त्याला कधी साहेबांची रजा, कधी ऑडिट, कधी मार्च एंड आणि मार्च संपल्यावर ‘एप्रिलमध्ये कुठे लगेच’ अशी कारणे क्रमाने भेटतात. त्यातही ‘सोमवारी फोन करा’ हे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्यात कोणता सोमवार याचा उल्लेख कटाक्षाने टाळलेला असतो.

दुसऱ्या दशकात वसुलीचे शास्त्र अवगत होऊ लागते. लेखा विभागाबाहेरच्या रेक्झिनच्या सोफ्यावर, कागदी कपातला गार होत चाललेला चहा हातात धरून बसलेल्या उद्योजकाला तोवर कळून चुकलेले असते की पैसे मोठ्या साहेबांच्या शब्दाने सुटत नाहीत, तर खिडकीशेजारच्या टेबलावरील मॅडमनी बिलांच्या गठ्ठ्यातून आपले बिल उचलून वर ठेवल्याने सुटतात. म्हणून तो साहेबांना नुसता नमस्कार करतो आणि मॅडमच्या मुलीची दहावी कशी चालली आहे याची चौकशी मनापासून करतो. ही चौकशी सुरुवातीला स्वार्थी असते, पण हळूहळू त्या मुलीचे गणित कच्चे असल्याची काळजी त्याला खरोखरच वाटू लागते.

कायदा उद्योजकाच्या बाजूने आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक असून, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, तेही महिन्यागणिक चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. असे व्याज मागितलेला उद्योजक शोधू गेल्यास तो बहुधा धंदा बंद करण्याच्या विचारात असलेला निघतो, कारण बाकीच्यांना पुढची ऑर्डर हवी असते आणि पाण्यात राहून माशाशी वैर परवडत नाही. वस्तू व सेवा कराची गोष्ट याहून सरस आहे: १ जुलै २०१७ पासून लागू झालेला हा कर मालाच्या बाबतीत साधारणपणे बिलाच्या तारखेने देय होतो, पैसे हाती आले की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि त्यामुळे दरमहा विवरणपत्र भरणारा उद्योजक न मिळालेल्या रकमेवरील कर पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत इमानेइतबारे भरतो, तर त्याचा एक छदामही न दिलेला खरेदीदार त्याच कराची वजावट आधी घेऊन मोकळा होतो. पैसे १८० दिवसांत न दिल्यास ही वजावट परत करावी लागते, आणि १७५ व्या दिवशी येणाऱ्या धनादेशांचे मूळ पुष्कळदा या तरतुदीत सापडते.

तथापि उद्योजकाला केवळ पीडित ठरवणे अन्यायाचे होईल. त्याच्या स्वतःच्या केबिनबाहेरही प्लेटिंगवाला, बॉक्सवाला आणि टेम्पोवाला बसलेले असतात, त्यांनाही चहा मिळतो आणि ‘वरून आले की देतो’ हे वाक्य तो त्यांना ज्या सहजतेने ऐकवतो, त्यात लेखा विभागाच्या सोफ्यावर झालेले शिक्षण स्पष्ट दिसते.

एमबीए होऊन आलेली पुढची पिढी या विद्येकडे संशयाने पाहते. मुलगा संगणकावर थकबाकीचा तक्ता करतो, नव्वद दिवसांवरील रकमा तांबड्या रंगात रंगवतो आणि ग्राहकांना दर सोमवारी आपोआप जाणाऱ्या ई-मेलची व्यवस्था लावतो, जे ई-मेल तितक्याच आपोआप न वाचता पडून राहतात. वडील तो तक्ता चष्मा लावून शांतपणे पाहतात, सर्वांत तांबड्या रकमेवर बोट ठेवतात आणि त्या कंपनीतल्या मॅडमच्या मुलीच्या लग्नाला दोघांनी जायचे आहे, आहेराचे पाकीट तूच दे, असे मुलाला सांगतात. मुलगा त्या खर्चासाठी तक्त्यात कोणते शीर्षक द्यायचे, असे विचारतो.