एका नौकेची इनाम-चौकशी

वारा फुकट असतो, एवढ्या एकाच भांडवलावर शिडाची नौका विकत घेणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत, आणि आमचे स्नेही डॉक्टर हे त्यांपैकी एक होत. दंतवैद्यकाचा चांगला चालता व्यवसाय मुलीच्या हवाली करून त्यांनी अपोलो बंदरासमोर बोयाला बांधलेली एक बावीस फुटी जुनी नौका खरेदी केली, तेव्हा ज्या वाहनाला इंधन लागत नाही त्याला खर्च तो काय असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि शिडे, दोर, सुकाणू व नांगर यांच्यापुरता तो बराचसा बरोबरही ठरला. फसला तो विजेच्या बाबतीत. ऑक्टोबरात पाण्यात उतरायचे, मे संपता संपता पावसाच्या भीतीने काठावर यायचे, मधल्या काळात मांडव्यापर्यंत जाऊन यायचे आणि क्वचित एखादी रात्र नांगर टाकून चांदण्यात काढायची, एवढाच जिचा संसार, त्या नौकेच्या पोटात एखाद्या तालुक्याच्या गावाला पुरून उरेल इतकी वायर भरलेली होती.

शिडीच्या तीन पायऱ्या उतरून केबिनमध्ये गेले की डाव्या हाताला एक सागवानी फळी लागे व तिच्यावर चौदा खटके असत. नौकेचे यापूर्वी तीन धनी होऊन गेले होते आणि प्रत्येकाची कारकीर्द खटक्यांखालच्या लेबलांवरून ओळखता येई: पहिल्याने उठावाच्या अक्षरांच्या निळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, दुसऱ्याने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिले होते, आणि तिसऱ्याने लेखनाचा मार्गच सोडून नखे रंगवायच्या तांबड्या रंगाचे ठिपके दिले होते, ज्यांचा अर्थ तो धनी दुबईला जाताना आपल्याबरोबर घेऊन गेला. 'नांगर-दिवा' असे लिहिलेला खटका दाबला असता तळातले पाणी उपसणारा पंप गुरगुरू लागे. 'पंप' या खटक्याने काहीच होत नसे, मात्र तो बंद केला तर होकायंत्राचा दिवा विझे. आणि 'राखीव' अशी पट्टी असलेल्या खटक्याला कोणी हात लावू नये, अशी एक तोंडी परंपरा तांडेलाकडून आमच्यापर्यंत आली होती, जिचे कारण त्यालाही कोणी सांगितले नव्हते.

फळी उलटी केल्यावर मागे जे दिसले त्यात तांबड्या-काळ्या रीतसर वायरींबरोबरच दारच्या घंटीची वायर, टेलिफोनची दोरी, ध्वनिवर्धकाची पारदर्शक जोडवायर आणि घरातल्या पंख्याला घालतात ती पांढरी चपटी वायर, अशा सर्व जातिजमाती एकमेकींच्या गळ्यात गळे घालून नांदत होत्या. सांधे पिळून काळ्या पट्टीने गुंडाळलेले. पट्टीचा चीक मुंबईच्या उन्हाळ्यात वितळून खाली ओघळलेला. आणि एक टोक सोलून पाहिले, तर आत तांब्याऐवजी काळी भुकटी. खारी हवा वायरीच्या उघड्या तोंडातून आत शिरते आणि आवरणाच्या आतून हातभर पुढे सरकत जाते, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट भरत. तेच डोलकाठीच्या शेंड्यावरील दिव्याच्या पदरी पडेपर्यंत, वाटेतल्या प्रत्येक सांध्याचे हात ओले होत होत, दहाच्या आत येत. आणि तारेच्या दिव्याचा स्वभाव असा, की व्होल्ट पाचव्या हिश्श्याने घटले तर उजेड निम्म्याहून अधिक घटतो. लांबून पाहणाऱ्याला आमची नौका उदबत्ती लावून बसल्यासारखी दिसे, यात नवल नव्हते.

उभा जन्म दात उपटण्यात घालवलेल्या माणसाचा कल अशा प्रसंगी कोणीकडे झुकणार, हे सांगायला नको. डॉक्टरांनी पकड मागवली. "सगळं काढून टाकू, कंदील टांगू," असा त्यांनी निर्णय दिला, आणि पुष्ट्यर्थ लिन व लॅरी पार्डी या दांपत्याचा दाखला दिला, ज्यांनी 'सेराफिन' नावाच्या चोवीस फुटी नौकेतून, इंजिनाशिवाय आणि विजेशिवाय, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात जगाला फेरी मारली. डॉक्टरांचा भाचा इंजिनियर; त्याला उलट वाटत होते की बॅटऱ्या दोनाच्या चार कराव्यात, पडद्यावर नकाशा दाखवणारे यंत्र बसवावे, आणि आहे त्या शीतकपाटाच्या जोडीला चार्जर घ्यावा. "मामा, बावीस फुटांत कंदील टांगाल तर पहिल्या लाटेला शीड पेटेल," हे त्याचे म्हणणेही वाऱ्यावर सोडण्याजोगे नव्हते.

माझी सारी नोकरी महसूल खात्याच्या दफ्तरखान्यात गेली असल्यामुळे मला त्या फळीमागे वीज दिसेना. मला वतने दिसू लागली. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले, आणि साऱ्यातून सुटलेल्या प्रत्येक जमिनीच्या धन्याला त्याने एकच प्रश्न विचारला: सनद दाखवा. जमीन कोणी दिली, कोणत्या चाकरीबद्दल दिली, आणि ती चाकरी आज होते का? ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या त्यांची मिळकत खालसा झाली. आमच्या घराण्याची एक आमराई त्यातच गेली, असे आजी अखेरपर्यंत सांगत असे, सबब त्या कमिशनाबद्दल मला प्रेम असण्याचे कारण नाही. तथापि चौकशीची ती पद्धत इतकी चोख होती की दीड शतकापेक्षा जास्त काळ उलटल्यावर ती एकदा तरी निरपराध हेतूने वापरून पाहावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. उपटू नये, तसेच नवीन काही देऊही नये. आधी प्रत्येक वायरीची कैफियत घ्यावी, हा माझा तोडगा दोन्ही पक्षांना पसंत पडला, कारण आपल्या विरुद्ध पक्षाची मिळकत खालसा होईल अशी दोघांनाही खात्री होती.

चौकशीचे काम पुढीलप्रमाणे चाले. डॉक्टर कमरेपर्यंत आसनाखालच्या कप्प्यात शिरत व वायरीचे एक टोक ओढून धरत; भाचा डोलकाठीच्या बुंध्याशी मल्टिमीटर घेऊन बसे व संशयित टोकांना एकेक करून सुई लावी; संबंध सिद्ध झाला की यंत्र 'टीं' असा आवाज करी, आणि मी फेरिस्तात नोंद घेऊन वायरीच्या गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी अडकवी. बाहेर सुकाणूपाशी बसलेला तांडेल प्रत्येक 'टीं' ऐकून "गावला काय डाक्टर?" असे विचारी.

निकाल देताना मन कठोर करावे लागले. एक जाडजूड तांबडी वायर पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या सेवेत होती. यंत्र काढून नेल्याला दोन राजवटी लोटल्या होत्या, पण वायर अजून इमानाने एका बुजवलेल्या भोकापर्यंत वीज पोहोचवीत होती. खालसा. दुसरी टेपरेकॉर्डरच्या कर्ण्यासाठी होती. कर्ण्यात कोळ्याने, म्हणजे आठ पायांच्या कोळ्याने, घर केले होते. खालसा. एक काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकापासून निघून, उजव्या बाजूने नाळेपर्यंत जाऊन, डाव्या बाजूने परत येऊन पुन्हा त्याच ऋण टोकाला मिळत होती. वाटेत तिने कोणाचे काही दिले-घेतले नव्हते. तिच्या प्रदक्षिणेबद्दल आदर व्यक्त करून तिलाही खालसा करण्यात आले. आणि ज्याला हात लावू नये अशी परंपरा होती त्या 'राखीव' खटक्याच्या पोटी वायरलेस, केबिनचा पंखा व नाळेवरचे तांबडे-हिरवे दिवे असे तिघे आश्रित निघाले, जे वास्तविक तीन वेगळ्या खटक्यांचे वारस होते आणि कोणत्या तरी आणीबाणीत एकाच छत्राखाली आले ते तिथेच राहिले होते.

वतने आटोपल्यावर मी जमाखर्चाकडे वळलो, आणि खरी मेख तेथे होती. बॅटरीवर शंभर अँपिअर-तास छापलेले असले तरी शिशाच्या बॅटरीला वारंवार निम्म्याच्या खाली उतरवले तर ती अल्पायुषी होते. म्हणजे छापील शंभर, खर्चायला पन्नास. शेंड्यावरचा पंचवीस वॉटचा दिवा तासाला दोन घेई. दहा तासांच्या रात्रीला वीस. शीतकपाट चालू असताना चार घेई आणि दिवसातला निम्मा वेळ चालू राही. म्हणजे चोवीस तासांत अठ्ठेचाळीस, मोबदल्यात सोड्याच्या चार बाटल्या आणि भाच्याचे चीज. या एका मानकऱ्यासाठी दुसरी बॅटरी आली होती, दुसऱ्या बॅटरीसाठी दोन्हींमधला बदलखटका, बदलखटक्यासाठी जाड केबल, आणि केबलच्या वजनाने नौका डावीकडे कलते म्हणून उजवीकडे शिशाच्या दोन विटा. शीतकपाट काढताच ही सारी उतरंड आपोआप कोसळली. भाच्याने थंड पाण्याविषयी तक्रार मांडली, तेव्हा तांडेलाने ससून डॉकच्या दिशेने नुसता हात केला, जेथे मासळीसाठी बर्फ टनावारी फोडला जातो. त्यातली एक लादी पेटीत घातली की रविवार निभावतो.

दिव्याचा प्रश्न एलईडीने सोडवला. तीन वॉटमध्ये तोच उजेड, म्हणजे रात्रीचा खर्च विसावरून अडीचवर. मात्र लोहार चाळीतून आणलेला पहिला स्वस्त दिवा लावला की वायरलेस खरखरू लागे आणि दिवा विझवला की शांत होई. बंदराशी बोलायचे की बंदराला दिसायचे, यांपैकी एकाची निवड करणे प्रशस्त न वाटल्यामुळे तो परत केला. त्याच लोहार चाळीत कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळवण्यासाठी आम्ही जितकी दुकाने पालथी घातली, तितकी माणसे मुलीच्या लग्नासाठीही घालीत नसतील. ती वायर महाग पडते, परंतु खाऱ्या हवेला दाद देत नाही, आणि आता लांबी इतकी थोडी उरली होती की महागाई परवडली. बॅटरी भरायला पन्नास वॉटचे एक सौर तावदान. मुंबईच्या हिवाळी उन्हात दिवसाला दहा-बारा अँपिअर-तास देते, आणि नौका आठवडाभर बोयाला बसून असते तेव्हाही देते.

कंदिलाचा हट्ट डॉक्टरांनी मात्र इतक्यात सोडला नाही. सागरी वाहतुकीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांना एक पळवाट सापडली: सात मीटरहून लहान शिडाच्या नौकेने विहित दिवे शक्य असल्यास लावावेत, न लावल्यास पांढऱ्या उजेडाची विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवून टक्कर टाळण्याइतक्या वेळेत दाखवावा. बावीस फूट म्हणजे सहा मीटर सत्तर. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर, गरिबांसाठीही कोणी कायदा केला आहे, असा भाव उमटला. 'शक्य असल्यास' या दोन शब्दांच्या आडोशाला माझ्या खात्याने किती कामे निवांत निजवली आहेत हे मी जाणून आहे. तरी शेवा बंदराकडे जाणारे एखादे मालवाहू जहाज अंधारातून अंगावर येत असताना आपण कप्प्यात विजेरी चाचपीत आहोत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी तो अर्ज फेटाळला.

'सुहैली'चा दाखला मी याच वेळी काढला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ही बत्तीस फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली, आणि तिच्यातून त्यांनी जून १९६८ ते एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत, एका शर्यतीत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत वायरलेसचा प्रक्षेपक मुका झाला. बॅटरीतले आम्ल डोळ्यात उडाले. आणि बॅटरी भरणाऱ्या इंजिनाच्या मॅग्नेटोतील फट जुळवायला मोजपट्टी नव्हती, तेव्हा त्यांनी पुस्तकाची पाने मोजली: इंचाला दोनशे पाने, सबब एक पान म्हणजे इंचाचे पाच सहस्रांश. आपल्याला पुस्तकाच्या पानांनी दुरुस्त करता येईल तेवढीच वीज जवळ बाळगावी, असे माझे यावरून मत झाले. त्यावर भाच्याने २०१८ ची बाजू मांडली, आणि ती मला मान्य करावी लागली: त्याच शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात 'सुहैली'च्या धर्तीवर बांधलेल्या 'थुरिया'तून जुन्याच साधनांनिशी निघाले, दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, पाठ जायबंदी झाली, आणि पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाचा जगाशी संबंध राहिला तो उपग्रहामार्फत मजकूर पाठवणाऱ्या एका छोट्या यंत्रामुळे. म्हणून स्वतःची बॅटरी असलेला एक हातातला वायरलेस, मूळ वायरलेसच्या जोडीला, भाच्याच्या नावे नवीन सनद करून देण्यात आला. काटकसर मदत मागण्याच्या साधनात करायची नसते, एवढे दफ्तरखान्यातल्या माणसालाही कळते.

अखेरचा हुकूम मी रीतसर लिहून काढला. बॅटरी एकच, पेटीत पट्ट्याने आवळलेली; तिच्या धन टोकापासून अमेरिकन रिवाजाप्रमाणे सात इंचांच्या आत मुख्य फ्यूज, कारण फ्यूज हा यंत्राचा नव्हे तर वायरीचा पहारेकरी असतो व त्याने उगमाशीच उभे राहावे; पुढे एक मुख्य खटका; पुढे सहा घरांची फ्यूजपेटी. दर्शक दिवे, नांगर-दिवा, केबिनचे दिवे, वायरलेस, होकायंत्र, अशी पाच घरे भरली. सहावे रिकामे राहिले व त्याच्यापुढे काहीही न लिहिण्याची अट डॉक्टरांकडून कबूल करून घेतली. सांधे पिळून नव्हे, चापून बसवलेले. यादी एकाच हस्ताक्षरात झाकणाच्या आतून चिकटवलेली. पंखा डॉक्टरांच्या हाती दिला. तो वर्तमानपत्राचा आहे. आणि एक इनाम मात्र वंशपरंपरेने कायम ठेवले: तळातल्या पंपाचे. त्याची वायर मुख्य खटक्याला न विचारता, स्वतःच्या फ्यूजमधून, थेट बॅटरीशी, कारण आम्ही सारे घरी निजलेले असताना पाणी आत आले तर तरंगत्या खटक्याने आपल्या अधिकारात पंप सुरू करावा, वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहू नये.

खालसा केलेल्या मिळकतीचे तीन गोणपाट भरले. ते होडीतून धक्क्यावर आणून भंगारवाल्याला बोलावले, तेव्हा त्याने पहिल्या गोणीत हात घालून मूठभर वायर बाहेर काढली, हिरवे पडलेले टोक नखाने खरवडून पाहिले, तांब्याचा भाव पाडण्यासाठी नाक मुरडले, आणि मग तिन्ही गोण्या काट्यावर चढताना पाहून त्याच्या मुद्रेवर निराळाच आदर उमटला.

"शेठ, बिल्डिंग किती माळ्याची पाडली?"

"तळमजलाच होता," डॉक्टर म्हणाले. "तोही पाण्यात."