साहेबांचा अंगठा

सिकलसेलचा पेशंट असेल तर लाल कार्ड, वाहक असेल तर पिवळं. डॉक्टरला लांबून कळावं म्हणून रंगांची सोय. ती सोयऱ्यांनाही झाली. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून नवापूरच्या पाड्यांवर लग्नाआधी दोघांनी एकमेकांची कार्डं बघावीत, हे रास्तच. दोघांनी! बैठकीत मात्र मुलीचं कार्ड मांडीवरून मांडीवर फिरायचं आणि मुलाचं पेटीत ऱ्हायचं.

माहिती देण्यात आपला जिल्हा पहिल्यापासून पुढे. देशातलं पहिलं आधार शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला.

आता सगळा कारभार ग्रुपवर. ‘तपासणी झाली का? फोटो टाका.’ आशाताईंनी यादीचा फोटो टाकायचा: नाव, वय, पाडा, मोबाइल, रिपोर्ट. खाली साहेबांचा अंगठा. बदली होऊन कधीच गेलेले कारकून आणि पडलेले माजी सदस्य त्या ग्रुपात अजून मुक्कामाला असतात. बोभाटा झाला की नोटीस ताईंना. फोटो मागितला कोणी, ते नोटिशीत येत नाही. ताईंना कुलपाचं कपाट कोण देणार? रजिस्टर घरीच, पिठाच्या डब्यावर.

कायदे आहेत की! एचआयव्हीचा २०१७ चा कायदा सांगतो, लेखी संमतीशिवाय कुणाला सांगायचं नाही. सिकलसेलला तसा वेगळा कायदा नाही. त्यासाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. तोही डिजिटल माहितीपुरताच, म्हणजे डब्यावरचं रजिस्टर त्यात बसत नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकलं की बसतं. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. लोकांची माहिती सांभाळण्याच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत. माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आवळणारी दुरुस्ती मात्र लगेच लागू. पिवळ्या कार्डवालीनं कळ काढावी. साहेबांबद्दल काही विचारायला जाल, तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ हे उत्तर आजच तयार.

तोवर साहेबांनी एक करावं. स्वतःचा शुगरचा रिपोर्ट नावासकट ग्रुपवर टाकावा. ताई लगेच अंगठा देतील.