बेचाळीस मासे आणि कुळथाची पिठी

"किती गावले?"

"बेचाळीस."

"माय गो! काय केलंस त्येंचा?"

"सोडले."

फोनच्या त्या टोकाला, मालवणात, इतका वेळ शांतता पसरली की लाइन कट झाली असं समजून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग आईचा आवाज आला, "बरो आसस मा रे तू?"

मी बरा होतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, टोरांटोपासून गाडीने दोनेक तासांवर कवार्था नावाचा तलावांचा पट्टा आहे. तिथे उन्हाळाभर माझ्या होडीतून लोकांना घेऊन जायचं, बास नावाचा मासा त्यांच्या गळाला लागेल अशी व्यवस्था करायची, त्यांचा माशाबरोबर फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा, असा माझा धंदा. या कामाला इथे फिशिंग गाईड म्हणतात. आईला हे समजावून सांगायला मला सहा उन्हाळे लागले आणि अजूनही तिला ते पटलेलं नाही. "लोकांकडसून पैसे घेवन मासे सोडूक शिकयतंस?" हा तिचा प्रश्न, आणि त्याला प्रामाणिक उत्तर "होय" असंच आहे.

खरं तर मी इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सतरा वर्षं काढली. मग कारखान्याला माझी गरज उरली नाही, आणि पन्नाशीच्या माणसाने नोकरी शोधणं म्हणजे काय ते मला कळलं. तेव्हा बायको म्हणाली, "तुम्हाला येतं तरी काय, त्याची यादी करा." यादीत शेवटचा शब्द होता गरवणं.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो, गळ टाकून मासे पकडायला आमच्याकडे गरवणं म्हणतात. कोळंबच्या खाडीवर काकांबरोबर मी गरवायला जायचो. हातात तंगूस म्हणजे गळाची दोरी, टोकाला गरी, गरीला कोळंबी. तांबोशी लागली की घरी वाटण तयार. मासा गरीवरून निसटून परत पाण्यात गेला तर त्याला 'सुटला' म्हणायचं आणि ज्याच्या हातून सुटला त्याने आठवडाभर बोलणी खायची. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाने आता दिवसाला चाळीस मासे आपल्या हाताने सोडायचे. संध्याकाळी घरी येऊन हात धुवायचे आणि कुळथाची पिठी-भात जेवायचा. बायको विदर्भातली. तिला या दुःखाची खोलीच कळत नाही.

इथला मोसम जूनच्या उत्तरार्धातल्या एका शनिवारी सुरू होतो. त्याआधी बास पकडायला बंदी. हे मात्र आईला पटकन कळलं, कारण आपल्याकडेही जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊनच दर्या उघडतो. बंदीचं कारणही तेच, विणीचा हंगाम. पण बासच्या घरातली व्यवस्था वेगळी आहे. मादी अंडी घालून निघून जाते. मग नर त्या खळग्यावर पहारा देतो, शेपटीने वारा घालतो, पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांच्यामागे फिरतो. एवढ्या काळात त्याचं स्वतःचं खाणंपिणं जवळजवळ बंद. त्याला कुणी गळाला लावून पाच-दहा मिनिटं जरी लांब नेलं, तरी आजूबाजूला टपलेले छोटे सनफिश घरटं साफ करून टाकतात. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "ह्या तुझ्या बापाशीन बघूक व्हया होता."

मग थोड्या वेळाने तिलाच चढणीचे मासे आठवले. पहिल्या पावसात ओहोळातून मासे उलटे वर चढतात ते अंडी घालायलाच, आणि गाव टोपल्या घेऊन त्यांच्यामागे धावतो. त्या विषयावर आम्ही दोघांनीही फार खोलात जायचं टाळलं.

बासचे इथे दोन भाऊ आहेत, मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाचा हिरवट, शेवाळात आणि कमळाच्या पानांखाली लोळणारा, आळशी आणि अचानक चिडणारा. लहान तोंडाचा तांबूस, खडकाळ तळाशी फिरणारा, गळाला लागला की हवेत तीन फूट उडणारा. लहान तोंडाचं म्हणतात, पण ते काही लहान नसतं. शास्त्रीय नावातही असाच घोळ आहे. 1802 साली लासेपेद नावाच्या फ्रेंच पंडिताने याचं नाव 'मायक्रॉप्टेरस' ठेवलं, म्हणजे 'छोटा पर असलेला'. वास्तविक त्याच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता आणि मागे राहिलेला तुकडा त्याला वेगळा छोटा पर वाटला. दोनशे वर्षं झाली, एका जखमी माशावरून पडलेलं नाव अख्खी जात वागवते आहे. आमच्या शाळेत एकदा पाय मुरगळलेल्या मुलाला दहावीपर्यंत लंगडा म्हणत, त्याची आठवण होते.

नावांचं इथे एकूणच असं. 'कवार्था' हे नाव 1895 च्या सुमाराला पर्यटनासाठी ठेवलं गेलं. इथल्या मूळ रहिवाशांपैकी, कर्व्ह लेकच्या मार्था व्हेटंग यांनी 'कवाथा' हा शब्द सुचवला होता, अर्थ 'प्रतिबिंबांचा प्रदेश'. पर्यटनवाल्यांनी मध्ये एक र घुसवला आणि अर्थही बदलला. इथे आमच्या मयेकरचं मेकर झालं, तेव्हा मी तक्रार केली नाही ती यामुळेच.

तर, काम. पहाटे पाचला मी बोट पाण्यात टाकतो. सहाला गिऱ्हाईक येतं. दोन माणसं, आठ तास. गिऱ्हाईकांत सगळ्यात अवघड ते, ज्यांच्याकडे माझ्यापेक्षा महाग सामान असतं. टोरांटोहून एक गृहस्थ येतात, त्यांचे अकरा रॉड असतात. अकरा! माणसाला हात दोन. ते येताना खोटे मासे, खोटे बेडूक, खोटे गांडूळ यांनी भरलेल्या सहा पेट्या आणतात आणि दर वीस मिनिटांनी आमिष बदलतात. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने मागच्या जुलैत माझ्याकडचा साधा रॉड घेतला, गरीला खरं गांडूळ लावलं, वर लाल-पांढरं बूच तरंगत ठेवलं आणि सनफिश, पर्च, एक बास असे सतरा मासे काढले. वडिलांचे तीन. परतताना गाडीत ते दोघं बोलले की नाही मला माहीत नाही. निदान धक्क्यापर्यंत तरी बोलले नव्हते.

पण या उन्हाळ्याचे खरे मानकरी वेगळेच होते. मिसिसागाहून एक मराठी कुटुंब आलं. मुलगा, सून आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आजोबा, विमा कंपनीतून निवृत्त, वय अडुसष्ट. फोनवरच त्यांनी मला विचारलं, "आम्ही खात नाही. तुम्ही सोडता म्हणे?"

"सोडतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग चालेल."

इतक्या वर्षांत माझ्या धंद्याचं एवढं शुद्ध गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

पहाटे सहाला आम्ही एका उथळ खाडीत शिरलो. पाण्यावर धुकं, कमळाची पानं गालिच्यासारखी पसरलेली, लांब कुठेतरी लून पक्षी वेड्यासारखा हसत होता. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी आहे. आजोबांच्या हाती मी रबरी बेडकाचा रॉड दिला. हा बेडूक पानांवरून टुणुक टुणुक ओढत आणायचा. खाली दबा धरून बसलेला बास पानं फोडून वर येतो आणि बेडूक गिळतो, आवाज असा की विहिरीत नारळ पडावा. आणि इथेच शंभरातले नव्वद लोक चुकतात. आवाज झाला की दचकून रॉड ओढतात, आणि माशाच्या तोंडात पुरता न गेलेला बेडूक उडून त्यांच्याच टोपीवर येतो. आवाज झाल्यावर थांबायचं असतं. तंगूस ताणली गेल्याचं जाणवलं की मगच ओढायचं.

इंग्रजीत सांगून कुणी थांबत नाही, हा माझा सहा वर्षांचा अनुभव. आजोबांना मी म्हटलं, "काका, आवाज आला की आधी गणपती बाप्पा म्हणा. मोरया म्हणताना ओढा."

तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. आजोबांनी डोळे मिटले. शांतपणे, आरतीच्या लयीत म्हणाले, "गणपती बाप्पा..." आणि मग सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं, "मोरया!"

रॉड वाकला. दोन किलोला थोडासाच कमी बास, अर्धा शेवाळात गुंडाळलेला, होडीजवळ आला. मी त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरून वर घेतला. आजोबांनी फोटोसाठी तो दोन्ही हातांत धरला, तान्ह्या नातवाला पहिल्यांदा घ्यावं तसा. सूनबाई म्हणाल्या, "त्याला लागलं असेल हो." मी म्हटलं, "म्हणूनच लवकर सोडू या." पाण्यात धरल्यावर त्याने दोन क्षण कल्ले हलवले, शेपटीचा एक फटकारा मारून आजोबांच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि गेला.

आजोबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग मुलाला हळूच म्हणाले, "हा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. चातुर्मास चालू आहे. आईला कळेल."

त्यांच्या मातोश्री एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत.

'मोरया' पद्धत मी मग सगळ्यांनाच शिकवली. ओशावाहून आलेला एक सहा फुटी ट्रकवाला तर ती शिवी दिल्यासारखी ओरडायचा, पण त्याचा एकही बास चुकला नाही. ऑगस्टमध्ये एका कॉटेजच्या धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने मला हाक मारून थांबवलं. म्हणाला, "मी साठ वर्षं या तलावावर येतोय. हा मोरया कुठल्या जातीचा मासा? मला एकदाही मिळालेला नाही."

बासच्या तोंडात दात असे नसतात, कानशीसारखी खरखर असते. दिवसाला चाळीस ओठ धरले की अंगठ्याची साल निघते. जुलैअखेर माझा फोन मला ओळखेनासा झाला. ठसाच उरला नव्हता. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "आंगठ्याक काय झाला?" मी म्हटलं, माशांनी घासला. ती म्हणाली, "खाल्लं नाय म्हणान सूड घेतंत."

खायला बंदी आहे असं मात्र नाही. साध्या परवान्यावर दिवसाला सहा बास ठेवता येतात, स्वस्त परवान्यावर दोन. विकायला मात्र सक्त मनाई. शिवाय कुठल्या तलावातला, किती सेंटीमीटरचा, कुठल्या जातीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचं कोष्टक सरकारच प्रसिद्ध करतं, पाऱ्याच्या भीतीने. आमच्या गावात हे कोष्टक आयांच्या डोक्यात असतं आणि त्यात पारा नसून पाहुणे असतात. आम्ही गाईड लोक सोडतो ते मुख्यतः या पाण्यात मासा फार हळू वाढतो म्हणून. दीड-दोन किलोचा बास आठ-दहा वर्षांचा असू शकतो. आज तो तव्यावर गेला तर पुढच्या शनिवारच्या गिऱ्हाइकाला मी काय दाखवू?

तरी जगातला सगळ्यात प्रसिद्ध बास खाल्लाच गेला. 2 जून 1932 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या गरीब शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोचा, मोठ्या तोंडाचा बास पकडला. गावच्या दुकानात वजन करून घेतलं आणि मासा घरी नेऊन घरच्यांबरोबर खाल्ला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा तलावात. गाईड मंडळी ही गोष्ट हळहळत सांगतात. मी आईला सांगितली. ती म्हणाली, "ह्यो शाणो."

सप्टेंबरात आई आली. बॅगेत तिरफळं, सोलं, दोन किलो मालवणी मसाला. विमानतळावरून घरी येईपर्यंत तिने माझा अंगठा धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी सहा वर्षांतला पहिला मासा ठेवला, मोठ्या तोंडाचा, कोष्टकात बसणारा. आईने तो स्वतः साफ केला, कल्ले उघडून बघितले, "ताजो आसा" असा दाखला दिला. अर्ध्याचा तिरफळं घालून तिखला, अर्धा तव्यावर. घरात असा वास सुटला की वैदर्भीय बायकोही दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेली.

आईने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिने सोलकढीची वाटी पुढे ओढली.

"ह्येका काय चवच नाय रे," ती म्हणाली. "सोडतंस ता बराच करतंस."

तिचा मुक्काम आणखी पाच आठवडे होता. दर शनिवारी संध्याकाळी होडी बांधली की मी जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर गाडी हाणून स्कारबरोच्या दुकानातून गोठवलेले बांगडे आणत असे.